मास्तरांची पाठ

३ फेब्रुवारी

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आज दुकानात आहेत तेवढ्याच:

कापायचं टेबल, आठ फूट बाय चार, उंची माझ्या कोपराला जुळवलेली. लाकडी फूटपट्टी एक. वक्रपट्ट्या तीन, कारण विकतच्या वक्रपट्टीने बाहीचा मुंढा कधी नीट उतरत नाही. दुकानाची पाटी, अक्षरांसकट. कपडे घालून बघायच्या खोलीची दांडी आणि पडदा. तपकिरी कागदाचे नमुने एकशे अठरा. मापवह्या एकतीस, दरवर्षी एक, कागद कापण्यापासून बांधणीपर्यंत सगळं घरचं. बायकोच्या मापाचा पुतळा एक, कागदाच्या लगद्याचा, लग्नाच्या वर्षी केलेला, अजून एक पोपडा निघालेला नाही. आणि मास्तरांची पाठ.

शेवटची वस्तू टेबलावर ठेवून दाखवता येत नाही, अंगात घालावी लागते. हे नाव मी दिलेलं नाही, गिऱ्हाइकांनी दिलं. पन्नाशीपुढच्या बायका दुकानात येतात आणि म्हणतात, "मास्तर, मला ती तुमची पाठ घाला." ही वही तिच्यासाठीच केली. त्या पाठीचा कट डोक्यात आहे, कागदावर नाही. उद्या मी गेलो तर माझ्याबरोबर जाईल.

मला कोणी शिकवलं नाही हेही लिहून ठेवतो. लोक शिवायला शिकतात, मी उसवून शिकलो. जुने कपडे आणायचो, टाका टाका सोडवायचो, पुन्हा जोडायचो.

७ फेब्रुवारी

कट असा. बाईची पाठ वाकली की मान पुढे येते, मागचा कपडा वर ओढला जातो, पुढचा खाली लोंबतो. साधा शिंपी मागची दुमड थोडी सोडतो आणि हात झटकतो. मी खांद्याच्या शिवणीखाली चार बोटांवर पाठ आडवी कापतो, आत पाऊण इंच भर घालतो, ती दोन चुण्यांमधून खांद्याकडे जिरवतो, पुढून तेवढंच काढून घेतो आणि मानेखाली अस्तरात बक्रमची कडक पट्टी बसवतो. आरशात बाई ताठ.

मापाचा नियम: मानेच्या मणक्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची, हे माप प्रत्येकीचं, दरवेळी. आणि पन्नाशीपुढे माप मोठ्याने वाचायचं नाही. बघायचं, वहीत लिहायचं, तोंडाने म्हणायचं, "छान." कमी झालेला आकडा कोणाला ऐकायचा असतो?

आज शाळेच्या मोठ्या बाई कोट घालून बघायला आल्या होत्या. छप्पन्न वर्षांच्या. आरशापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आता शाळेत पोरं घाबरतील बघा मला."

"आधी नाही घाबरत?"

"आधी मागून ओळखायचीच नाहीत. आजी समजायची कोणाची तरी."

तेवढ्यात ही जेवणाचा डबा घेऊन आली. रस्ता ओलांडून येताना अशी वाकून, जमिनीवर नाणं पडल्यासारखी. मी दारातूनच म्हटलं, "अगं जरा ताठ चाल. लोक म्हणतील, मास्तरांच्या बायकोलाच कपडा बसत नाही." मोठ्या बाई हसल्या. हीदेखील हसली. म्हणाली, "चालते हो."

मी बोललो त्यात चूक नव्हती. तरी हिच्या ड्रेसची कड मात्र चारही बाजूंनी जमिनीपासून सारखी, काडीचा फरक नाही. हिचं माप घ्यायची मला गरज पडत नाही. पुतळ्यावर बसला की हिला बसलाच. सत्तावीस वर्षं.

१२ फेब्रुवारी

चौकातल्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. गणवेश शिवायला असतील म्हणून टेप काढली, तर हातात कागद.

"मास्तर, तुमच्या पडद्याच्या खोलीत हा लावायचाय."

"कशाचा?"

"हाडांचा."

"हाडं माझ्या खात्यात येत नाहीत, सिस्टर. माझं काम कातडीच्या बाहेरून सुरू होतं."

"म्हणूनच आले. दवाखान्यात बायका पोरांना घेऊन येतात, सासऱ्याला घेऊन येतात, स्वतःला घेऊन येत नाहीत. तुमच्याकडे मात्र स्वतः येतात."

एवढं बोलल्यावर नाही कसं म्हणणार. ठेवून घेतला. हाताने लिहिलेला: पन्नाशी आली? उंची मोजा. तरुणपणापेक्षा दीड इंच कमी भरली तर हाडं ठिसूळ झाली असतील. ती झिजताना दुखत नाहीत. मजकूर ठीक, पण कागद इतका तिरका कापलेला की बघवेना. फूटपट्टी लावून चारही कडा सरळ केल्या, मगच लावला. खालची एक ओळ कडेला फार चिकटली होती, ती गेली. आता भिंतीवर शोभतो.

१८ फेब्रुवारी

हिची पाठ धरली. पाण्याची बादली उचलताना कट्‌ आवाज झाला म्हणे. मी म्हटलं, बादलीच्या कडीचा असेल, कडी ढिली आहे. बाम चोळला. डबा आला नाही. दुपारी बिस्किटं.

२१ फेब्रुवारी

अजून पलंगावरच. कुशीवर वळताना ओठ चावते. मला वाटतं थोडं लाडानंही असेल. लग्नापासून मी हिला आजारी पाहिलेलं नाही, त्यामुळे सवय नाही, तिलाही आणि मलाही. कडी मी घट्ट केली.

२४ फेब्रुवारी

सकाळी सिस्टर गणवेशासाठी आल्या. पडद्याआड गेल्या आणि आतूनच हाक मारली.

"मास्तर! शेवटची ओळ कुठे गेली?"

"कडेला होती. कापताना गेली."

"‘दवाखान्यात या, तपासणी फुकट आहे.’ ही ओळ होती ती."

मी म्हटलं, तुम्ही समास सोडायला हवा होता. त्या पडदा सारून बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. वाचलं का पण कोणी?"

"वाचलं ना. सगळ्या म्हणतात, आमची उंची कुठे कमी झाली, पाच वर्षांपूर्वीसारखेच कपडे बसतात अंगाला."

"कसे बसतात?"

आता हा प्रश्न मला विचारल्यावर मी गप्प बसणार? कट समजावून सांगितला. मग मापवह्या काढल्या. मोठ्या बाईंचं पान अठरा वर्षांपूर्वीचं, मग अकरा, मग सहा, मग आत्ताचं. मान ते जमीन: साडेचोपन्न, चोपन्न, सव्वात्रेपन्न, साडेबावन्न. दर पानावर तारीख, दर मापाला पाव इंचाची अचूकता. म्हटलं, "बघा, दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे मिळणार नाही हे."

सिस्टर स्टुलावर बसल्या. पानं उलटत गेल्या. गणवेशाचं विसरल्या. तासाभराने एका कागदावर दोन आकडे लिहिले. दहा वर्षांपेक्षा जुनी माझी गिऱ्हाइकं, पन्नाशीपुढची: त्रेचाळीस. त्यातल्या दीड इंच किंवा जास्त उतरलेल्या: चौदा.

"मास्तर, आमच्या दवाखान्यात असला कागद नाही. तुम्हाला हे दिसत होतं?"

"दिसत होतं म्हणून तर कट बसवला."

हे मी अभिमानाने बोललो. तसंच लिहून ठेवतो, कारण ते बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा मी पाहिला.

"आणि कोणाला बोलला नाहीत?"

"माप मोठ्याने वाचायचं नाही, हा माझा नियम आहे."

सिस्टरांनी वही मिटली. उठताना म्हणाल्या, "वहिनींचं पान कुठलं?"

मी पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"पुतळ्याचं नाही विचारलं, मास्तर."

२५ फेब्रुवारी

दुकान उशिरा उघडलं. टेप खिशात घालून घरी बसलो होतो. हिला म्हटलं, जरा उभी राहतेस का? म्हणाली, आत्ता नको, दुखतंय. दुपारी विचारलं तर म्हणाली, कशाला, पुतळा आहे ना. संध्याकाळी विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी

हे लिहायला हात होत नाही, पण तारीख टाकली आहे तर लिहितो.

ही झोपून असल्यामुळे दोरीवरचे कपडे मी काढले. गेल्या वर्षी शिवलेला हिचा निळा ड्रेस उलटा वाळत होता. खालच्या दुमडीकडे नजर गेली. माझी दुमड दीड इंचाची असते. ही सव्वातीन होती. माझी टीप सोडवून, कापड आत दुमडून, वरून हातशिलाई. पाठीत बघितलं, तिथेही. मानेखाली दोन टक्स घातलेले, इतके बारीक की सुलट बाजूने दिसूच नयेत. पुढून खांद्यात उचललेलं. माझाच कट, माझ्याशिवाय कोणीतरी केलेला.

माझं डोकं फिरलं. ड्रेस घेऊन तसाच आत गेलो.

"माझ्या कामाला हात कोणी लावला? कुठल्या शिंप्याकडे गेली होतीस?"

"हळू बोला. कुठे जाईन मी?"

"मग हे कोणी केलं?"

"मी."

मला हसू आलं. "तू? तुला साधं बटण लावायला मी लागतो."

"तुम्ही लावता म्हणून मी देते."

कपाट उघडलं. एकेक कपडा उलटा केला. सगळे. सर्वात जुना, ज्याला हात लागलेला, आठ वर्षांपूर्वीचा. तेव्हा दुमड अर्धा इंच जास्त, त्यानंतरच्यात पाऊण, मग एक, मग सव्वा, असं वाढत वाढत निळ्यापर्यंत. मी मोजत गेलो आणि ही पलंगावरून बघत होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुम्ही ड्रेस पुतळ्याला घालायचात, चार पावलं मागे जायचात आणि म्हणायचात, बघ कसा बसलाय. मग मी घालायची तर खाली घोळायचा. तुमचं माप चुकलं असं कसं म्हणू तुम्हाला? तुमचं माप कधी चुकतं का?"

"माप चुकलं नव्हतं."

"तेच म्हणते. म्हणजे मीच चुकले असणार. तुम्ही म्हणायचात ना, ताठ चाल. मी राहायचे ताठ. दारापर्यंत राहायचे. पुढे दुखायचं."

मी खाली बसलो. निळ्या ड्रेसचा टाका बघत होतो. इंचात बारा टाके, एकसारखे, शेवटची गाठ आत दडवलेली. ती गाठ अशी दडवायची मीच शोधून काढली होती. हिला कधी शिकवली नाही. डबा घेऊन यायची, मी जेवेपर्यंत टेबलाशेजारी उभी राहायची, तेवढ्यात बघितली असणार. दुकानात हिला बसायला स्टूल कधी दिलं नाही हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

२७ फेब्रुवारी

सकाळी माप घेतलं. हिला भिंतीला टेकवून उभं केलं. पाठ टेकली, डोकं टेकेना. मान ते जमीन, लग्नाच्या वर्षी: त्रेपन्न. आज: पावणेएक्कावन्न.

सवयीने तोंडातून निघालं, "छान."

ही म्हणाली, "आकडा सांगा."

सांगितला.

"अगंबाई," म्हणाली, "एवढी कुठे सांडले मी?"

३ मार्च

सिस्टरांनी मोठ्या इस्पितळात चिठ्ठी दिली. रिक्षा सावकाश चालवायला सांगून नेलं, तरी प्रत्येक खड्ड्याला हिने माझं मनगट धरलं.

डॉक्टरीण तरुण. फोटो दिव्यासमोर धरला. तीन मणके पुढून चेपलेले. दोन जुने, एक परवाचा, बादलीचा. कट्‌ आवाज कडीचा नव्हता.

"पाळी कधी थांबली?" डॉक्टरणीने विचारलं. मी हिच्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून.

"बेचाळिसाव्या वर्षी," ही म्हणाली.

"लवकर थांबली. तेव्हाच तपासायला हवं होतं. उंची कमी झाल्याचं घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

ही पटकन म्हणाली, "नाही हो. माझ्याच नाही आलं, तर यांच्या कुठून येणार?"

माझी बाजू घेतली. तिथे, चेपलेल्या मणक्यांच्या फोटोसमोर बसून. मी डॉक्टरणीला सांगायला हवं होतं की मी शिंपी आहे, पाव इंच चुकला तर मला जेवण जात नाही. सांगितलं नाही. कागदावरचा धंद्याचा रकाना मी मोकळा सोडला.

हाडांच्या तपासणीचा आकडा वजा तीन पूर्णांक एक. मापात वजा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. वजा अडीचच्या खाली गेलं की हा आजार, असं म्हणाल्या. ऑस्टिओपोरोसिस. चेपलेले मणके परत उंच होणार नाहीत. पण औषध, चालणं, कॅल्शियम, ऊन, आणि मुख्य म्हणजे पडायचं नाही. "पुढचं मोडलं तर खुबा असू शकतो, आणि खुबा मोडला की माणूस अंथरुणाला लागतो. ते टाळायचंय आपल्याला." आपल्याला म्हणाल्या. मी मान हलवली.

४ मार्च

पुतळा दुकानातून घरी आणला आणि माळ्यावर टाकला. ही म्हणाली, "टाकता कशाला? तरुण आहे बिचारी."

१० मार्च

सिस्टरांना विचारलं, कट बंद करू का? म्हणाल्या, "कट कशाला बंद करता? आधी सांगा, मग शिवा."

चौदा नावं वहीतून उतरवली. सांगायला घरोघर गेलो. दुकानात बोलावून सांगावं असं आधी वाटलं होतं, पण तिथे मी मास्तर असतो.

पहिल्या मोठ्या बाई. शाळेतून नुकत्या आल्या होत्या, चहा ठेवला. मी वही उघडून चारही आकडे वाचून दाखवले. मोठ्याने. दोन इंच.

त्यांचा चेहरा उतरला, मग चढला. "हे तुम्हाला अठरा वर्षं माहीत होतं?"

"सहा वर्षांपूर्वीचं माप घेतलं तेव्हा नक्की माहीत होतं."

"आणि वर माझ्याकडून जास्त शिलाई घेतलीत. त्या कटाची."

"हो."

"माझ्या बहिणीचा खुबा मोडला गेल्या वर्षी, मास्तर. मी म्हणत होते, ती माझ्यासारखी ताठ राहिली नाही म्हणून."

चहा तसाच राहिला. दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "तपासणीला जाईन मी. पण कोट दुसरीकडे टाकीन." मी म्हटलं, बरोबर आहे.

१४ मार्च

नऊजणींना सांगून झालं. दोघी रडल्या. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "तुम्ही शिंपी की वैदू?" एक म्हणाली, "बरं झालं बाई, मला वाटलं माझी सूनच फडताळं उंच करत्ये." ती हसली म्हणून मी हसलो, आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो.

पडद्याच्या खोलीतला कागद नवा लिहिला, माझ्या अक्षरात. समास सोडून.

२२ मार्च

हिची आठवड्याची गोळी. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी घड्याळ घेऊन समोर बसतो. आज म्हणाली, "माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितला नव्हतात. घेऊ का दुसरी गोळी?" अर्धा तास झाला तरी मी सांगितलं नाही, तिनेच विचारलं.

दुपारी ती दुकानात आली. चालत, मध्ये दोनदा थांबून. मी स्टूल पुढे केलं. म्हणाली, उभी राहते. मी म्हटलं, बस. बसली. मोठ्या बाईंच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका मापाला आल्या होत्या, मोठ्या बाईंनीच पाठवलेल्या. मला काही निरोप नव्हता. मी आकडे मोठ्याने सांगत गेलो आणि हिने वहीत लिहिले. हिचा सात माझ्या सातापेक्षा सुबक.

३० मार्च

आज तयार कपड्यांच्या कारखान्याचे मालक आले. त्यांच्या आईच्या अंगावर माझा कोट होता, तो उसवून पाहिला म्हणाले. कोणाकडून तरी शिकलेला हात दिसत नाही, असंही म्हणाले. एकतीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. लाज वाटावी असा आनंद झाला, तोही लिहून ठेवतो.

त्यांना मास्तरांची पाठ हवी आहे. पाच मापांत, लाखभर नग, शहरोशहरी. "बायकांना काय हवं असतं, मास्तर? दिसू नये एवढंच."

मी म्हटलं, देतो. पण प्रत्येक कपड्याच्या गळ्याशी पट्टीवर एक ओळ शिवायची: हा कपडा बसत असेल तर उंची मोजून घ्या.

ते हसले. "कपड्यावर आजार लिहू? कोण विकत घेईल?"

"मग कसं कळणार त्यांना?"

"तुमच्या गिऱ्हाइकांना इतकी वर्षं कळलं नाही, तर काय बिघडलं?"

ही स्टुलावर बसून काज करत होती. सुई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पाठीच्या दुखण्यामुळे ती एकदम वळूच शकत नाही. तशीच समोर बघत म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं ते करा. माझ्यासाठी नाही म्हणू नका." औषधं महाग आहेत, ती वर्षानुवर्षं लागतील, हे आम्हा दोघांना माहीत आहे.

मी मालकांना दारापर्यंत सोडलं.

त्यांनी देऊ केलं ते असं: कटाचे कायमचे हक्क त्यांचे, नाव माझं, पट्टीवर ओळ नाही, पैसे एकरकमी आणि आजच. मी नाही म्हटलं. आकडा, सहा लाख चाळीस हजार.